जरीपुराणा : पैठणीचा अस्सल धागाच तिचा वैरी कसा ठरला

१/८
जुन्या मुंबईच्या चाळींत एक हाळी ओळखीची होती : ‘जरीपुराणा!’ जरीची जुनी वस्त्रे विकत घेणारा हा फेरीवाला. पैठण्या आणि शालू त्याच्या गाठोड्यात जात आणि तेथून भट्टीत. महाराष्ट्राच्या वस्त्रेतिहासाचा केवढा तरी पुरावा असा जळून गेला. त्याचे कारण एका धाग्यात आहे. #इतिहास #थ्रेड

२/८
‘जर’ हा शब्द फारसी, अर्थ सोने. मात्र जुन्या अस्सल जरीत सोने नाममात्र, भार चांदीचा आणि गाभा रेशमाचा असे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा वर्ख चढवून ती तापवीत. मग पोलादी पट्टीतील क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढीत. तार केसाइतकी बारीक झाली तरी सोन्याचा थर वरच टिकून राही.

३/८
गोल तार विणताना ताठ राहते. म्हणून ती ठोकून चपटी करीत आणि रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळीत. हाच कलाबतू. तार ओढणारा तारकस, रेशमाचे दोरे वळणारा आणि गोंडे करणारा पटवेकरी : विणकराच्या हाती येण्यापूर्वीच धागा इतक्या हातांतून गेलेला असे.

४/८
पैठण आणि येवले येथील विणकर नक्षीतील प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र कांडी वापरतो आणि रंगाच्या सीमेवर धागे एकमेकांत अडकवतो. त्यामुळे वस्त्र दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. जुन्या पैठणीत पदराची जमीन जरीची आणि तीवरील वेलबुट्टी रंगीत रेशमाची असे.

५/८
घात झाला तो येथेच. जर आणि नक्षी एकाच विणीत गुंतलेली. एक उसवून दुसरी वाचवता येत नाही. चांदी हवी असेल तर पदर आणि काठ जाळावेच लागत. रेशमाची राख होई आणि मुशीत चांदीचा गोळा उरे. नक्षीला वजन नव्हते. तिची किंमत कोणी केली नाही.

६/८
विकणाऱ्या स्त्रियांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. अनेक घरांत पती निवर्तल्यावर जरीचे वस्त्र नेसण्यास रूढीने मज्जाव होता. त्याच सुमारास घरातील मिळकतही थांबलेली असे. पेटीतील पैठणी अंगावर घेता येत नसे, पण तिच्यातील चांदीवर काही दिवस निघत. जर हे त्या स्त्रीचे अखेरचे धन होते.

७/८
२०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. आज बाजारातील पुष्कळशी जर तांब्याच्या तारेची किंवा पॉलिएस्टरवर धातूचा मुलामा दिलेली असते. ती जाळून चांदी हाती येत नाही, म्हणून ती कोणी जाळणारही नाही. अस्सल वस्त्र भट्टीत गेले; नकली मात्र पुढील पिढ्यांच्या पेट्यांत सुखरूप राहील.

८/८
एखाद्या घरी जुना पदर, कापून ठेवलेला काठ किंवा गोधडीत शिवलेला तुकडा अजून असेल, तर तो देऊन टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. वस्त्र कोणाचे, कोणत्या प्रसंगाचे, हे घरातील वृद्धांना विचारून लिहून ठेवावे. पदर नेसणारीचे नाव तरी त्यामुळे मुशीबाहेर राहील.
(समाप्त)