दाराशी आलेली भुते

दाराची घंटा वाजली की दार उघडावे, हा नियम मला लहानपणी कोणी शिकविला नाही. कारण आमच्या दाराला घंटाच नव्हती. मुलुंडच्या आमच्या चाळीत सकाळी सहाला जे दार उघडे, ते रात्री दिवा मालवल्यावरच मिटे. भर दिवसा एखाद्याने दार लावून घेतलेच, तर घरात कोणी फार आजारी आहे किंवा नवराबायकोचे कडाक्याचे भांडण चालले आहे, एवढे शेजाऱ्यांना न सांगता कळे. १९५७ साली मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. पण पुढे कित्येक वर्षे आम्ही स्टेशनाकडे जाताना 'मुंबईला जातो' असेच म्हणत असू. आज मी त्याच मुलुंडात एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर राहतो. येथे मिटलेले असणे हीच दाराची स्वाभाविक स्थिती आहे. त्यामुळे मिटलेल्या दारामागे सुख आहे की दुःख, हे ओळखण्याची आमची जुनी विद्या आता पार लयाला गेली आहे. तिची उणीव मला २०२४ सालच्या ३१ ऑक्टोबरला जितकी जाणवली, तितकी पूर्वी कधीही जाणवली नव्हती.

त्या दिवशी नरकचतुर्दशी होती. पहाटे इमारतीभर उटण्याचा वास दरवळत होता, कोणी पायाखाली कारीट फोडीत होते, गॅलऱ्यांतून कंदील डोलत होते. माझ्या दारावर कंदील नव्हता. माझी पत्नी त्याच वर्षी जूनमध्ये गेली होती. अशा घरात त्या वर्षी गोडधोड तळले जात नाही. शेजारच्या घरांनी फराळ पोचवावा अशी आपली चाल आहे, आणि ती अजून शिल्लक आहे याचा मला आनंद वाटतो. चार घरांतून चार डबे आले. डबा रिकामा परत करू नये म्हणतात. आणि मजजवळ भरून देण्यासारखे काहीच नसल्यामुळे ते चारही डबे धुऊन, पुसून, फडताळात एका ओळीत ठेवून दिले.

रात्री आठाच्या सुमारास घंटा वाजली. दारातल्या भिंगाला डोळा लावून पाहतो तो बाहेर एक सांगाडा उभा! त्याच्या शेजारी उंच टोकदार काळी टोपी घातलेली चेटकीण, अंगभर पट्ट्या गुंडाळलेले एक प्रेत आणि सर्वांत मागे पलंगपोस पांघरलेले, फार तर पाच वर्षांचे एक भूत. चौघांनी मिळून इंग्रजीत एक घोषणा केली. तिचा भावार्थ एवढाच, की खाऊ द्या, नाहीतर खोडी काढतो. मला या हॅलोवीनची केवळ ऐकीव माहिती होती. पण ते सातव्या मजल्यापर्यंत चढून आले असेल अशी कल्पना नव्हती. यमाला तर्पण करण्याच्या तिथीलाच दारी सांगाडा यावा, या योगायोगाला दुसऱ्या एखाद्या वर्षी मी हसलोही असतो. त्या वर्षी हसू आले नाही. मी दार उघडले नाही.

"घरात कोणी नाही," बाहेर एकजण म्हणाला.

"आहे. दिवा दिसतोय खालून," दुसरा म्हणाला.

घंटा आणखी तीनदा वाजली. मग कुजबुज, दबलेले हसू आणि पळत्या पावलांचा आवाज. सकाळी दूध घेण्यासाठी दार उघडले तेव्हा खोडी कोणती ते कळले. दारावरच्या पाटीला नाटकातल्या रक्तासारखा तांबडा रंग फासलेला होता. त्या पाटीवर दोन नावे आहेत. माझे वाचता येत होते. खालचे रंगाखाली बुडून गेले होते. रंग वाळला होता. ती अक्षरे नखाने खरवडून मोकळी करण्यात माझा अर्धा तास गेला.

त्यानंतर मी टेबलाशी बसून सोसायटीच्या चिटणीसबाईंना तक्रार लिहावयास घेतली. पहिला परिच्छेद घटनेचा, तो झरझर उतरला. दुसऱ्याचा आरंभ मी असा केला, की हे परकीय फॅड आपल्या मुलांत शिरू देता कामा नये. एवढे लिहून झाल्यावर मनातला न्यायाधीश जागा झाला. वेष घेऊन दारी येणे आणि काही मागणे, हे आपल्याला परके केव्हा होते? अंगावर आसूड ओढीत येणाऱ्या पोतराजाला भिऊन मी आईच्या पदराआड लपलो आहे. सिंधुदुर्गाकडे शिमग्यात सोंगे घेऊन 'शबय' मागणारी टोळकी घरोघर हिंडतात, रस्त्यावरच्या वाटसरूलाही सोडीत नाहीत. आपल्या उपनगरांतच पाहावयाचे तर वांद्रे, मरोळ, मालाडचे ऑर्लेम या भागांतील ख्रिस्ती मुले डिसेंबरच्या अखेरीस जुन्या कपड्यांत गवत कोंबून सरत्या वर्षाचा म्हातारा करतात, त्याच्यासाठी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पैसे मागतात आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री त्याला अग्नी देतात. आणि शिमग्याचे पोस्त? ते मागण्यात तर माझे सारे बालपण गेले.

हॅलोवीनची कुळकथाही पाहिली, तर ती आपल्याला फारशी अनोळखी वाटू नये. आयर्लंडातील शेतकऱ्यांचा हा हिवाळ्याच्या तोंडावरचा सण. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे घरांकडे फिरकतात, अशी त्यांची समजूत. इंग्लंडात २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या सणाच्या सुमारास गोरगरीब दारोदार जात, घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत आणि त्याबद्दल लहानशी गोड भाकरी घेऊन परतत. आपल्या सर्वपित्रीच्या पानाशी तिचे नाते जोडावयास फार विद्वत्ता लागत नाही. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला. तेथे या रात्री वांड पोरे लोकांच्या कुंपणांची फाटके उचलून नेत, गाड्या पळवीत. हा उपद्रव कमी व्हावा म्हणून अनेक गावांतील वडीलधाऱ्यांनी १९३० नंतरच्या दशकात पोरांना खाऊ देण्याची टूम उचलून धरली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग झाले तेव्हा ती मंदावली आणि युद्धानंतर पुन्हा जोमाने पसरली. थोडक्यात, तो खाऊ म्हणजे खोडीच्या बदल्यात केलेला तह होता. मी 'परकीय' हा शब्द खोडला.

मग तिसरा परिच्छेद. 'आमच्या लहानपणी मुले अशी नव्हती,' हे वाक्य मी लिहिले आणि लेखणी तेथेच थांबली.

चाळीच्या तळमजल्यावर एक पेन्शनर गृहस्थ राहत. आम्ही मुले त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांच्या दाराबाहेर भिंतीला टेकवून एक सागवानी बाक ठेवलेले असे. संध्याकाळी अण्णा त्यावर वर्तमानपत्र घेऊन बसत आणि शेजारी त्यांच्या पत्नी भाजी निवडीत. १९६२ सालच्या होळीच्या आधी, थंडीत, त्या वारल्या. पोस्त मागायला आम्ही त्यांच्या दारी गेलो तेव्हा ते म्हणाले, "यंदा नाही रे, बाळांनो." आम्ही त्यातला 'नाही' एवढाच शब्द ऐकला. 'यंदा' हा शब्द ऐकू येण्याचे आमचे वय नव्हते.

होळीला लाकडे चोरावीत ही तर रूढीच. त्यात पोस्त नाकारणाऱ्याचे लाकूड म्हणजे हक्काचे. ते बाक भिंतीत ठोकलेले नाही, नुसते टेकवलेले आहे, हे ठाऊक होते ते मला. आणि ते सांगितले मी. चौघांनी ते उचलून नेले. सागवान चांगले जळते. आम्ही तोंडावर उलटा हात मारून अण्णांच्या नावाने मनसोक्त बोंब ठोकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा नेहमीच्या वेळी वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले. भिंतीच्या चुन्यावर बाकाच्या पाठीने घासून घासून दोन आडव्या रेघा उमटल्या होत्या. त्यांच्याकडे ते थोडा वेळ पाहत राहिले आणि मग पायरीवर बसले. त्यांनी कोणाला विचारले नाही, कोणाकडे गाऱ्हाणे नेले नाही. ते रागावले असते तर मी ही गोष्ट केव्हाच विसरून गेलो असतो. बाकाची बातमी कोणी दिली, हे मी पुढे कधी कोणाला सांगितले नाही. जिच्याशी बेचाळीस वर्षे संसार केला, तिलाही नाही.

तक्रारीचा कागद मी फाडला. पण म्हणून पाटीवरचा रंग क्षम्य ठरत नाही, हेही मला तितकेच स्पष्ट दिसत होते. स्वतःचा अपराध आठवला की दुसऱ्याचे सगळे अपराध पोटात घालावेत, हे औदार्य दिसायला मोठे आणि करायला फार सोपे असते. मागणे वाईट नाही. सोंग घेऊन, थोडे भिववून मागण्यात तर गंमतच आहे. वाईट असते ती 'नाही' या उत्तराला ठेवलेली शिक्षा. तेथे सण संपतो आणि खंडणी सुरू होते. पोरांची खोडी आणि पावतीपुस्तक घेऊन दारी उभे राहणाऱ्या दांडग्यांची वर्गणी यांत फरक आहे तो वयाचा, जात एकच. वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, असा नियम आपल्याकडे आहे. पण दार न उघडणाऱ्या माणसाला सुखाने घरात बसू देणारा नियम सरकारच्या कागदावर लिहून भागत नाही. तो मुलांच्या कानावर पडावा लागतो. आमच्या कानावर तो कोणी घातला नव्हता.

मी चिटणीसबाईंकडे गेलो आणि सारे तोंडीच सांगितले. त्यांची बहीण अमेरिकेत असते. त्या म्हणाल्या, "काका, तिथे ज्या घराच्या ओसरीवरचा दिवा मालवलेला असतो, त्या घरी मुले जात नाहीत. न जाण्याची खूणच आहे ती."

"मग आपल्याकडे कंदील आहे की," मी म्हणालो.

आमच्या इमारतीत गुजराती, तमिळ, केरळी ख्रिस्ती अशी अनेक बिऱ्हाडे आहेत. सर्वांच्या दारी कंदील असतोच असे नाही. तेव्हा पुढल्या वर्षी लागलेल्या सूचनेत 'कंदील किंवा कोणताही दिवा' असे शब्द आले. ज्या दारावर तो नसेल तेथील घंटा वाजवू नये आणि 'नाही' म्हटल्यास हसतमुखाने पुढे जावे, एवढाच तिचा मजकूर. ती मुलांना वाचून दाखविण्याचे काम त्यांच्या आयांनी केले.

२०२५ साली दिवाळी होऊन दहा दिवस लोटले होते. पण तुळशीचे लग्न व्हावयाचे असल्याने माझा कंदील अद्याप दारावर होता. आठ वाजता घंटा वाजली. सांगाडा बोटभर उंच झाला होता. मी मुलीने पाठविलेल्या शंकरपाळ्यांचे ताट पुढे केले. त्याने मुखवटा कपाळावर सरकवला, एक शंकरपाळा तोंडात टाकला आणि निर्भीडपणे विचारले, "चॉकलेट नाही?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि त्याने मूठ भरून घेतली.

मी दारातच उभा राहिलो. आमच्या मजल्याच्या टोकाला एक घर आहे. तेथील आजोबा श्रावणात गेले. त्या दारावर दिवा नव्हता. पलंगपोसातले भूत सवयीने त्या घंटेकडे धावले. सांगाड्याने त्याचा हात धरला आणि कानात काहीतरी सांगितले. मग ती चारही भुते चवड्यांवर चालत, पावले न वाजविता, त्या दारावरून जिन्याकडे गेली.

मी आत आलो. फडताळातल्या चार डब्यांपैकी तीन त्या दिवाळीत भरून परत गेले होते. चौथा त्याच टोकाच्या घरचा होता. ताटातले उरलेले शंकरपाळे मी त्यात भरले, झाकण लावले आणि चपला पायांत सरकवल्या.