मनातला आकडा

गणिताचे सर रजेवर असले की आठवीचा तास माझ्या वाट्याला येतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मी तिथं मराठी शिकवते. पावसाचे दिवस असतात, निम्मी मुलं गैरहजर असतात. अशा वेळी मी मुलांना सांगते, “तीन अंकी संख्या मनात धरा. पहिल्या आणि शेवटच्या अंकात किमान दोनचा फरक असू द्या. ती उलटी लिहा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेलं उत्तर पुन्हा उलटं लिहा आणि आता दोन्हींची बेरीज करा.” मग खडूच्या डब्यातली चिठ्ठी एखाद्या मुलीला उघडायला लावते. चिठ्ठीवर मी आधीच लिहून ठेवलेलं असतं: १०८९.

वर्गात एकच कल्ला होतो. “मॅडम, तुम्हाला मनातलं कळतं!”

“नाही कळत,” असं म्हणून मी फळ्यावर ७३२ मांडते. उलट केले की २३७. वजाबाकी ४९५, ती उलटी ५९४, बेरीज १०८९. कुठलीही संख्या घ्या, उत्तर तेच. मुलं स्वतः करून बघतात आणि घरी जाऊन आजीला चकवतात.

चाळिशी ओलांडलेल्या बाईनं हे खेळ का शिकावेत, असं मला पुष्कळांनी विचारलं. कारण आमच्याच घरात घडलं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांतल्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या घराचे पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हता. कोरोनामुळे विमानं बंद होती आणि माझा दीर कुवेतमध्ये अडकला होता. माझी धाकटी जाऊ दोन लहान मुलांना घेऊन दिवस काढत होती. त्या पावसाळ्यात कुणीतरी तिला शेजारच्या गावातल्या एका माणसाचं नाव सांगितलं. तो न सांगता मनातलं ओळखतो, अशी त्याची ख्याती होती.

ती जाऊन आली आणि रात्री मला हळूच म्हणाली, “भाभी, त्याला सगळं ठाऊक होतं. पाण्यापलीकडे माझं माणूस आहे, वाऱ्यानं माझं काहीतरी नेलंय, घरातल्या कुणाची तरी माझ्यावर नजर आहे. मी एक शब्द बोलले नव्हते.” पुढे दोन महिन्यांत तिनं दोन बांगड्या मोडल्या, त्या उतारा आणि तावीज यांसाठी.

मला राग आला, पण उत्तर सुचेना. गैबचं ज्ञान फक्त अल्लाहला आहे, हे आम्ही दोघी लहानपणी मक्तबमध्येच शिकलो होतो. ती पाच वक्त नमाज पढणारी. तिला हे नव्यानं सांगून काय उपयोग होता? तिच्या मनातला प्रश्न वेगळा होता: मग त्याला कळलं कसं?

मला माझं बीएडचं वर्ष आठवलं. तेव्हा महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे एक कार्यकर्ते कॉलेजात आले होते. मंत्र म्हणून त्यांनी काडीशिवाय आग पेटवली आणि मग पोटॅशियम परमँगनेट व ग्लिसरीनच्या बाटल्या टेबलावर ठेवून दाखवल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ही समिती १९८९ मध्ये उभी केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं, लोकांना फसवणं हा आता या राज्यात गुन्हा आहे. पण माझ्या जावेसमोर आग पेटलीच नव्हती. तो माणूस फक्त बोलला होता. म्हणून मी बोलण्याची जादू शोधू लागले.

वीज आल्यावर मोबाइलवर, मग पुस्तकांतून वाचत गेले. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकी प्राध्यापकानं १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. वर्णन किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. नंतर कळलं की सगळ्यांच्या हातात एकच कागद होता आणि त्यातली बरीच वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती.

हे वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. पाण्यापलीकडे माणूस? आमच्या पट्ट्यात कुठल्या घरातलं माणूस आखातात किंवा जहाजावर नाही! वाऱ्यानं नेलं? त्या वर्षी वाऱ्यानं कुणाचं नेलं नव्हतं?

मग मी हातचे खेळही शिकले. मुलाला नाणं एका मुठीत धरायला लावायचं, ती मूठ कपाळाशी टेकवून नाण्याचा विचार करायला सांगायचं आणि आपण पाठ फिरवायची. थोड्या वेळानं दोन्ही हात समोर आले की फिकट दिसणारा हात नाण्याचा, कारण वर धरलेल्या हातातलं रक्त खाली उतरतं. आकडे लिहिलेले सहा पुठ्ठेही केले. १ ते ६३ मधला आकडा मनात धरून तो कोणकोणत्या पुठ्ठ्यांवर आहे, तेवढंच सांगायचं. त्या पुठ्ठ्यांच्या पहिल्या आकड्यांची बेरीज म्हणजे उत्तर. ते पहिले आकडे १, २, ४, ८, १६ आणि ३२. मनात ४५ असेल तर १, ४, ८ आणि ३२ हे पुठ्ठे येतात.

हे करणं योग्य की नाही, म्हणून मी आमच्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, “खेळ आहे हे सांगूनच करा. बघणाऱ्याला तुमच्याकडे गैबचं इल्म आहे असं वाटलं आणि तुम्ही गप्प राहिलात, तर तो खेळ राहत नाही.” तेव्हापासून युक्ती उलगडून दाखवल्याशिवाय मी तास संपवत नाही.

नववीच्या वर्गात मी फोररचा प्रयोग केला. हस्ताक्षरावरून स्वभाव सांगते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला बंद चिठ्ठी दिली. ‘तू सगळ्यांसाठी करतोस, पण दखल घेतली जात नाही. एका जवळच्या माणसावर तुझा राग आहे, तो तू बोलून दाखवत नाहीस.’ बहुतेकांनी ‘अगदी बरोबर’ म्हणून हात वर केले. मग चिठ्ठी शेजाऱ्याला द्यायला लावली आणि वर्ग हसून लोटपोट झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही. तिनं चिठ्ठी दप्तरात ठेवली आणि सुट्टीत येऊन म्हणाली, “मॅडम, सगळ्यांची एकच होती, कळलं. पण माझं खरंच खरं आहे.” ती बराच वेळ रडली. मी खेळ करताना हे गृहीतच धरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी जावेला स्वयंपाकघरात बसवून तीच वाक्यं तिच्याकडे बघत म्हटली. ती थक्क झाली. मग मी सगळं उलगडलं. वाटलं होतं, माझे आभार मानेल. ती उठून उभी राहिली. “तो लुबाडत होता, हे मला कळत नव्हतं का, भाभी? पण तो अर्धा तास माझ्यासमोर बसून ऐकायचा. या घरात मला कुणी विचारलं, कशी आहेस म्हणून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका भिंतीआड ती चार महिने झुरत होती आणि मी तिच्या भोळेपणावर उपाय शोधत होते.

त्यानंतर ती त्या माणसाकडे गेली नाही. बांगड्या काही परत आल्या नाहीत. दीर पुढच्या वर्षी घरी आला. बागेत नवी रोपं लावली आहेत, सुपारी धरायला अजून वेळ आहे. रात्री इशाची नमाज झाली की आम्ही दोघी ओट्यावर बसतो. मी तिच्या मनातलं ओळखत नाही. विचारते आणि ती सांगते.