तालमींच्या गावात

मैत्रिणींनो, कोल्हापूरला तुम्ही अंबाबाईच्या दर्शनाला येता, साज नि चपला घेता, रंकाळ्यावर भेळ खाता आणि परतता. पुढच्या खेपेला दोन तास जास्त काढा नि जुन्या पेठांतून पायी फिरा. चौकाचौकांत पाट्यांवर एक शब्द भेटेल – तालीम.

शब्द किती आपला वाटतो! पण तो मूळचा अरबी, फारसीचं बोट धरून मराठीत आलेला. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान. ते दुसऱ्याला देणं म्हणजे ‘तालीम’, आणि देणारा ‘मुअल्लिम’, म्हणजे चक्क मास्तर! उर्दूत आजही तालीम म्हणजे शिक्षण. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला मांडलेली, हातकामातून शिकवण्याची ‘नई तालीम’ ती हीच.

आमच्याकडे मात्र या शब्दाने लंगोट कसला. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावं मल्लांच्या तोंडी देवळांसारखी. तिथल्या हौदातली तांबडी माती नुसती माती नसते बरं का! तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवतात. आपण उटणं काय करू! इथल्या तालमी फुटबॉलही खेळतात. शाहू स्टेडियमवर ‘पाटाकडील’ आणि ‘दिलबहार’ यांचा सामना असला, की पेठेतल्या पुरुषांना जेवायला कधी येणार, हे विचारूच नये.

देवळापासून चालत खासबागेकडे या. शाहू महाराजांनी बांधलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ सालचं. मध्ये हौद आणि भोवती उतरती बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी. शेजारीच १९१५ सालचं नाट्यगृह, पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखलं गेलेलं. ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते होरपळलं, तेव्हा सारं गाव हळहळलं. नाटकवाल्यांचीही तालीमच असते, नाही का? दोन्ही तालमी अशा शेजारणी!

आणि याच महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. म्हणजे शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांनी एकाच गावात नांदवले.

आपल्या वाट्याला मात्र निम्माच अर्थ आला. आई-आजीच्या काळी तालमीचा उंबरा बायकांनी ओलांडायचा नसे. आता मुली आखाड्यात उतरतात. २०२३ साली शेजारच्या सांगलीत महिलांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा मिळवली. तरी शाळेत मी दरवर्षी पाहते, दहावी आली की मुलीचा खेळ आधी बंद होतो. भावाची तालीम चालूच असते.

तेव्हा लेकीचं वेळापत्रक भिंतीवर लावाल, त्यात शिकवणीच्या तासाखाली मैदानाचाही एक तास लिहा. दोन्हींना नाव एकच द्या. शब्दकोश तुमच्या बाजूने आहे!