झूल

जुन्या वस्तूवर जडलेलें माणसाचें प्रेम मोठें चमत्कारिक असतें. उपयोग सरला कीं वस्तूची किंमत वास्तविक उतरावयाची. पण आठवणींच्या बाजारांत ती चढत जाते. खेळाच्या पोषाखाविषयीं तर हा अनुभव विशेषच येतो. १९९२ सालच्या विश्वचषकाच्या सामन्यांत आपल्या क्रिकेटपटूंनीं गडद निळा सदरा घातला होता. आपला संघ त्या खेपेस उपांत्य फेरीपर्यंतहि पोंचला नाहीं. तरीहि तसा सदरा कोठें मिळाल्यास आज पन्नाशीस आलेले गृहस्थ तो हौसेनें विकत घेतात, आणि अंगास होत नसला तरी कपाटांत जपून ठेवतात. त्या सदऱ्यांत त्यांचें सारें बाळपण घडी घालून ठेवलेलें असतें.

हेंच वेड साता समुद्रांपलीकडे अमेरिकेंत मोटारींच्या शर्यतींच्या शौकिनांत दिसतें. तेथें ‘स्टॉक कार’ नांवाची शर्यत फार लोकप्रिय आहे. ‘स्टॉक’ म्हणजे दुकानांत विक्रीस मांडलेला माल. सामान्य गिऱ्हाइकास दुकानांत मिळते तसलीच मोटार शर्यतींत पळवावयाची, हें ह्या खेळाचें मूळ सूत्र. आतां त्या मोटारी शर्यतीकरितांच मुद्दाम बांधतात, आणि दुकानच्या मोटारीशीं त्यांचें साम्य बाह्य रूपापुरतें उरलें आहे. पण प्रारंभीं तसें नव्हतें. ह्या खेळाची ‘नॅस्कार’ ही संस्था २१ फेब्रुवारी १९४८ रोजीं रीतसर नोंदली गेली. रिचर्ड पेटी नांवाच्या सारथ्यानें तिच्या २०० शर्यती जिंकल्या. त्याच्या निळ्या मोटारीवरील ४३ हा आंकडा किंवा डेल अर्नहार्टच्या काळ्या मोटारीवरील ३ हा आंकडा मिरविणारे जुने कोट व टोप्या तेथील चाहते देवघरांतील वस्तूंप्रमाणें जपतात.

पिंप्राळ्याच्या माणसास हें वेड समजावून सांगावें लागत नाहीं. आम्हां खानदेशच्या लोकांस चाकाची ओढ जुनीच आहे. जळगांवीं श्रीरामाचा रथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीस निघतो, आणि आमच्या पिंप्राळ्यांत आषाढी एकादशीस विठुरायाचा रथ भक्तजन ओढतात. एवढा अवजड रथ वळवावयाचा व थांबवावयाचा, तो चाकाखालीं लांकडाची मोगरी घालून. रथ ओढण्यास शेंकडों हात असतात. मोगरी लावणारे मोजकेच, आणि सर्वांचा भरंवसा त्यांच्या हातांवर. गांवोगांवच्या यात्रांतून एकामागें एक बांधलेल्या बारागाड्या भगत ओढतो, तेव्हांहि धुळीच्या लोटांत उभें राहून ती चाकें पाहावयास सारा गांव लोटतो.

पण चाकाची खरी चुरस पाहावयाची ती बैलांच्या शर्यतींत. पुणें जिल्ह्यांत चार बैलांचा बैलगाडा घाटांत धांवतो. वऱ्हाडांत बैलजोडीच्या शर्यतीस शंकरपट म्हणतात, आणि आमच्याकडेहि तेंच नांव चालतें. आमची ‘स्टॉक कार’ ती हीच! ज्या बैलांनीं कपाशींत वखर ओढला व बाजाराच्या दिवशीं गाडी वाहिली, तेच बैल जत्रेच्या दिवशीं हलक्या छकड्यास जुंपावयाचे. शेतांत राबणारें आपलें जनावर चार गांवांच्या देखत वाऱ्यासारखें सुटतें, ह्यांत शेतकऱ्यास जो अभिमान वाटतो, तो विकत घेतलेल्या वस्तूविषयीं कधींच वाटणार नाहीं.

माझ्या आजोबांची अशीच एक निमाडी जोडी होती. तांबूस अंगावर पांढरे पट्टे असलेली. तिचा सारा साज आमच्या घरीं एका पत्र्याच्या पेटींत आहे. पेटी उघडली कीं प्रथम डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, आणि मग एकेक वस्तु बाहेर येते. शिंगांवर चढवावयाच्या पितळी शेंब्या, गळ्यांतील घुंगरमाळा, लोकरी गोंडे लावलेली मथाटी, आजोबांचा फेटा, ज्याचा केशरी रंग आतां गव्हासारखा झाला आहे; आणि सर्वांत तळाशीं जांभळ्या मखमलीची झूल. तिच्यावर आरशांच्या टिकल्या आहेत. कांहीं गळून पडल्या आहेत, तेथें दोऱ्याचीं रिकामीं वर्तुळें राहिलीं आहेत. घरांत पाहुणे आले कीं ही पेटी आजहि निघते, आणि ज्यांनीं ती जोडी पाहिलीहि नाहीं, अशीं नातवंडें ती झूल अंगावर घेऊन अंगणांत धांवतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. बैल धांवतो तेव्हां त्याच्या पाठीवर झूल नसते. झूल येते ती जिंकल्यावर. शर्यत संपते, गुलाल उधळला जातो, ताशा कडाडूं लागतो. आणि मग धापा टाकणाऱ्या त्या जनावराच्या घामेजलेल्या अंगावर मखमल पसरून त्यास गांवांतून मिरवितात. तोंडाचा फेंस पुसला जातो, शेंब्या चकाकूं लागतात, आणि पुठ्ठ्यांवर काय झालें आहे तें झुलेखालीं जातें.

आमची जोडी तापीकांठच्या एका जत्रेंत पहिली आली, त्या दिवशीं मी आठ-नऊ वर्षांचा होतों. झेंडी पडली, लोक ओरडले, धुळींतून दोन तांबूस आकृति निघाल्या आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों पलीकडे गेल्या. मी पाहिलें तें इतकेंच. घरीं आलों तेव्हां आजोबा ओसरीवर पेढे वाटीत होते. आजी मात्र ताट घेऊन बैलांस ओवाळावयास गेली ती तशीच थांबली. तिनें हांक मारली, “आधी झूल काढा बापूचे बाबा, मंग पेढे वाटा.” झूल काढली. गाडीवानाच्या पराणीस लोखंडाची टोंकदार आर होती. दोन्ही बैलांच्या पुठ्ठ्यांवर तिचे टोंचे उमटले होते, आणि रक्त वाळून केंस चिकटले होते. आजीनें हळद व तेल कालवून आणलें, आणि एकेक जखम भरतां भरतां ती इतकेंच म्हणाली, “बक्षीस यानंच आणलं, न् मार बी यानंच खाल्ला.” ओसरीवर कोणी कांहीं बोललें नाहीं. पेढे खाणाऱ्यांचे हात मात्र थांबले.

पुढील वर्षीं आजोबांनीं पराणीची आर काढविली आणि नुसत्या काठीनें, हांकेनें व शेपटीवर हात ठेवून जोडी पळविली. ती चौथी आली. त्यानंतरच्या वर्षीं तिला नंबरच मिळाला नाहीं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याची जोडी उतरली. आजोबांनीं कोणास खुलासा केला नाहीं. तिसऱ्या वर्षीं त्यांनीं शर्यतीस जाणेंच सोडलें. बैल मात्र विकले नाहींत. पेटींतील झुलेच्या अस्तरावर आजहि तांबूस-काळे डाग आहेत. ते धुवून काढूं नयेत असें आजीनें बजावून ठेवलें होतें, आणि घरांत तो शिरस्ता अद्याप पाळला जातो.

त्या डागांमुळेंच मला परदेशांतील त्या जुन्या कोटांचीहि गोष्ट निराळी दिसूं लागली. नॅस्कारनें अगदीं दुकानच्या मोटारींची म्हणून जी पहिली शर्यत शार्लट येथें १९ जून १९४९ रोजीं भरविली, तींत ग्लेन डनअवे हा प्रथम आला; पण त्याच्या मोटारीच्या मागील कमानींत फेरफार केलेला आढळला. ती मोटार चोरट्या दारूच्या वाहतुकीस वापरलेली होती, आणि ओझें पेलण्याकरितां कमानी कडक केल्या होत्या. पंचांनीं त्यास बाद ठरविलें व जिम रोपर ह्यास विजयी म्हणून जाहीर केलें. खेळाच्या पहिल्याच दिवशीं झूल उचलून पाहणारा पंच मिळाला, हें त्या खेळाचें भाग्य. पुढें मे १९६४ मध्यें शार्लट येथेंच ‘फायरबॉल’ रॉबर्ट्स हा प्रसिद्ध सारथी अपघातांत भाजला, आणि २ जुलै १९६४ रोजीं वारला. त्यानंतर आगीस दाद न देणारा पोषाख व न फुटणाऱ्या इंधनाच्या टाक्या ह्यांवर भर देण्यांत आला. १८ फेब्रुवारी २००१ रोजीं डेटोना येथें शेवटच्या फेरींत अर्नहार्ट ठार झाला. त्याच वर्षीं मान व डोकें सांवरून धरणारें साधन सर्व सारथ्यांस सक्तीचें झालें. म्हणजे आज सारथ्याच्या अंगावर जो पोषाख दिसतो, त्याची एकेक शिवण कोणाच्या तरी मरणानें घातलेली आहे. जो चाहता जुना कोट जपतो, पण ही हकीकत जपीत नाहीं, त्यानें अर्धाच कोट जपला असें म्हणावें लागेल.

मोटारीचा सारथी निदान आपल्या इच्छेनें मोटारींत बसतो. बैलास कोण विचारतो? हा प्रश्न आपल्या देशांत न्यायालयापर्यंत गेला. केंद्र सरकारनें ११ जुलै २०११ रोजीं अधिसूचना काढून, ज्यांचे खेळ करूं नयेत अशा प्राण्यांत बैलाचा समावेश केला. आणि ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जलीकट्टु व बैलांच्या शर्यती ह्यांवर बंदी घातली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धांवण्याकरितां नाहीं, तो भीतीनें व वेदनेनें पळतो, असें न्यायालयानें नमूद केलें. गांवोगांवीं हळहळ झाली, आणि ती खोटी नव्हती. शेतांत ट्रॅक्टर आल्यापासून दावणीचा बैल आधींच महाग झाला होता. शर्यतीची हौस होती म्हणून तरी अनेक घरीं खिलार वा निमाडी जातीचें चांगलें वळू व गोऱ्हे सांभाळले जात. हौस गेली तर जातहि जाईल, असें शेतकऱ्यांचें म्हणणें होतें. २०१७ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती केली, तरी प्रकरण पुनः न्यायालयांत अडकलें. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटींसह शर्यतींस मुभा दिली. आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र ह्या तीन राज्यांचे कायदे वैध ठरविले. आतां शर्यतीपूर्वीं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, पशुवैद्याकडून बैल तपासून घ्यावे लागतात, आणि चाबूक, पराणी व विजेचा धक्का हीं सारीं वर्ज्य आहेत.

कित्येकांस हे नियम म्हणजे हौसेंत घातलेला खोडा वाटतो. मला ते रथाच्या मोगरीसारखे वाटतात. मोगरी लावणारा मनुष्य रथाचा वैरी असतो काय? तो असतो म्हणूनच रथ गर्दींतून निर्धास्तपणें पुढें जातो. आणि ही समज आजची नव्हे. मळणींत फिरणाऱ्या बैलाचें तोंड बांधूं नये असा नियम आपल्या शाळेंत वाचल्या जाणाऱ्या जुन्या करारांत आहे. पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवूं नये असा दंडक आपल्या शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. ज्याच्या श्रमावर आपण जगतों, त्याच्या दुःखाकडे पाहण्याची लाज बाळगूं नये, हाच दोहोंचा आशय.

बंदी उठल्यावर मी एक शर्यत पाहावयास गेलों होतों. उत्साह तोच, धूळ तीच. तरुण मंडळींच्या हातीं फोन आले आहेत आणि फेट्यांच्या जागीं गांवाचें नांव छापलेले एकसारखे रंगीत सदरे आले आहेत. झेंडी पडली तेव्हां, खरें सांगतों, माझेंहि काळीज जुन्याप्रमाणेंच उडालें. विजयी जोडीवर झूल घालण्यापूर्वीं मी पुढें होऊन तिचे पुठ्ठे पाहिले. ते स्वच्छ होते. दुसऱ्या एका जोडीचे तसे नव्हते. तिच्या मालकास पंचांनीं बाजूस बोलावलें होतें, आणि लोक पंचांवरच ओरडत होते. कायदा कागदावर उतरला तरी मनांत उतरावयास वेळ लागतो, हें मला तेथें दिसलें.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अशी एखादी पेटी असेल. तींत झूल नसेल, तर आजोबांचा कुस्तीचा लंगोट असेल, मामांची हॉकीची काठी असेल, वडिलांच्या महाविद्यालयाचा कबड्डीचा बनियन असेल. त्या वस्तु जरूर जपा. त्यांस ऊन दाखवा, कसरीपासून सांभाळा. जुन्या दिवसांचा अभिमान बाळगण्यांत गैर असें कांहींच नाहीं. मात्र घरांतील वडील मंडळी त्या दिवसांविषयीं सांगूं लागलीं, म्हणजे जिंकल्याची गोष्ट ऐकून उठूं नका. त्या जिंकण्याची किंमत कोणीं भरली, हेंहि नम्रपणें विचारा. ज्यानें ती भरली त्याचें नांव बहुधा ढालीवर कोरलेलें नसतें. आठवण ही स्वभावतःच झुलेसारखी असते: सुंदर, उबदार, आणि झांकणारी. तिची शोभा मोडूं नये. पण तिचें अस्तर पाहण्याची संवय मात्र लहानपणींच लावून घ्यावी.