मामांचे बारा क्षार

आपल्याकडे प्रत्येक घराण्यात एक डॉक्टर असतोच. त्याला पदवी नसते, पाटी नसते, फी तर मुळीच नसते. असते ती एक पेटी आणि अमर्याद आत्मविश्वास. पवनीला माझ्या आजोळी हे पद मोठ्या मामांकडे होते, आणि त्यांच्या पेटीत बाराक्षारांच्या बारा बाटल्या होत्या.

बाराक्षारांचे शास्त्र ऐकायला फार गोड आहे. जर्मनीतल्या शूस्लर नावाच्या डॉक्टरांनी ते दीडशे वर्षांपूर्वी मांडले. शरीराच्या पेशींत बारा क्षार असतात. त्यांचा तोल बिघडला की रोग होतो आणि कमी पडलेला क्षार पोटात गेला की रोग जातो! मामांच्या मते शेजाऱ्यांची उचकी मॅग फॉसच्या अभावाने लागे, भाचा गणितात नापास होई तो काली फॉसच्या अभावाने, आणि लेक सासरी जाताना रडली तीदेखील नॅट्रम मूर कमी पडल्यामुळे.

"अहो, पण हे नॅट्रम मूर म्हणजे काय?" मामीने एकदा विचारले.

"सोडियम क्लोराइड."

"म्हणजे?"

"मीठ," मामा जरा खालच्या आवाजात म्हणाले.

"मग ते माझ्या चुलीपाशी बरणीभर आहे की!"

मामांनी कीव आल्यासारखे पाहिले. बरणीतले मीठ जाडेभरडे. औषधातले दुधाच्या साखरेत दहापट, पुन्हा दहापट, असे सहा वेळा खलून सूक्ष्म केलेले. म्हणजे दहा लाख भागांत एक भाग मीठ. आता हिशेब पाहा. ओआरएसच्या एका पुडीत २.६ ग्रॅम मीठ असते. तेवढे मीठ मामांच्या गोळ्यांतून मिळवायचे, तर २६०० किलो गोळ्या खाव्या लागतील. सव्वीस क्विंटल! पवनीच्या बाजारात एवढे धान आणायचे तर ट्रॅक्टर लागतो.

एरवी या हिशेबावाचून कुणाचे अडत नाही. निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, हवा तो क्षार ठेवतात, नको तो टाकतात. उचकी आपोआप थांबते आणि श्रेय बाटलीला मिळते.

पण एका मे महिन्यात, वैनगंगेच्या वाळूवर पाय ठेववत नव्हता अशा दिवसांत, सालदाराच्या सहा वर्षांच्या पोराला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पोराचे डोळे खोल गेले. मामा पुस्तक उघडून त्याच्या जिभेचा रंग तपासू लागले. पांढरी असेल तर एक क्षार, पिवळी असेल तर दुसरा. तोवर मामीने तांदळाची पातळ पेज मीठ घालून कोमट केली आणि चमच्याचमच्याने पाजायला बसली. पाजत पाजतच पोराला दवाखान्यात नेले. तिथे ओआरएस सुरू झाले आणि डॉक्टर म्हणाले, "पेजही चालू ठेवा."

मामीने कुठलेही पुस्तक वाचले नव्हते. पेजेतल्या पिठाची आतड्यात साखर होते, आणि ती साखर मिठाचा हात धरून त्याला आतड्याच्या भिंतीपलीकडे नेते. मागोमाग पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकी पसरली तेव्हा बनगावच्या छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रोग्यांना पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण शंभरात तिसाच्या आसपास होते, ते चारांच्या आत आले. क्षारांचा तोल ही थापेबाजी नव्हे. तो खराच असतो आणि खराच बिघडतो. मात्र सावरायला मोजता येईल एवढे मीठ लागते.

पोरगा तिसऱ्या दिवशी घाटावर हुंदडू लागला. मामा म्हणाले, "मी एक गोळी दिली होती ना!" मामी काही बोलली नाही; पेजेचे पातेले घासत होती.

आता पेट्या मागे पडून क्षारयुक्त पाण्याची महागडी यंत्रे आली आहेत. तुमच्या घरी दोन्ही असतील, तर खुशाल असू द्या. मात्र जुलाब लागले की एक लिटर स्वच्छ पाण्यात ओआरएसची अख्खी पुडी घाला. पुडी नसेल तर सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. आणि लेकरू मलूल दिसले, तर जीभ पाहत बसू नका. पाजत पाजत दवाखाना गाठा.