‘माझ्या’ म्हणजे कुणाच्या?

संपादकांनी लेख मागताना एकच अट घातली: सोपं लिहा, आमच्या वाचकांना कमांड वगैरे कळत नाहीत. मी हो म्हटलं खरं, पण माझा सगळा धंदाच कमांडचा. गेली पंचवीस वर्षं मी पुण्यात बसून परगावच्या कॉम्प्युटरांना हुकूम सोडते. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांचं तोंडही मी पाहिलेलं नाही.

नातेवाइकांच्या लेखी मी एक तर प्रिंटर दुरुस्त करते, नाही तर हॅकर आहे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसली की मावशी विचारते, “बँकेतले पैसे असेच जातात ना गं?” नाही, मावशी. ते बहुधा फोनवरच्या अनोळखी माणसाला आपणच ओटीपी सांगतो किंवा आपली स्क्रीन दाखवतो म्हणून जातात. माझ्या कामात तिकडची स्क्रीन दिसतच नाही. इकडून एक ओळ जाते, तिकडे ती चालते आणि उत्तराच्या चार ओळी परत येतात. नेटवर्क रडतखडत चालत असलं तरी एवढं भागतं.

या ओळीला कुलूप लागलं 1995 साली. त्याआधी टेलनेट आणि आरएसएच होतं. त्यांत पासवर्डसकट सगळं पोस्टकार्डासारखं उघडं जायचं. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कुणीतरी नेटवर्कवर कान लावून पासवर्ड चोरले, तेव्हा तिथल्या तातू यलोनेन यांनी एसएसएच लिहून काढलं आणि त्याच वर्षी जुलैत फुकट वाटलं. टेलनेटचं पोर्ट 23, एफटीपीचं 21. मधलं 22 रिकामं होतं, ते त्यांनी मागितलं आणि मिळालं. आज जगभरचे सर्व्हर याच दाराने उघडतात. कुलूप उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आत जाणाऱ्या निरोपाच्या भाषेबद्दल.

मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा सर्व्हर आम्ही सांभाळतो. जुन्या फायलींनी डिस्क भरत आली होती. आमच्या ऑफिसातल्या मुलाने त्या पुसायची स्क्रिप्ट लिहिली. तिच्यातल्या निरोपाचा आशय असा: ‘जुने’ या नावाने अमुक फोल्डर ओळख, मग ‘जुने’च्या आतलं सगळं पूस. त्याने आधी थेट सर्व्हरवर लॉगिन करून दोन्ही ओळी चालवून पाहिल्या, बिनचूक चालल्या. मग त्या दुहेरी अवतरणात घालून पुण्याहून पाठवायची सोय केली आणि मला दाखवली. मी वाचली आणि “चालेल” म्हणाले.

आता मराठीच्या पेपरात काय शिकलो ते आठवा. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे द्यायचे तर दुहेरी अवतरण, आणि एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर एकेरी. शेलमध्ये, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, नेमकं उलटं आहे. तिथे एकेरीतलं जसंच्या तसं पोचतं. दुहेरीतल्या नावांचा अर्थ मात्र पाठवणाऱ्याच्याच घरी लावला जातो, आणि मग निरोप निघतो. समजा, गावी राहणाऱ्या भावाला तुम्ही सांगून पाठवलं, की माझ्या कपाटातले कागद जाळ. यातलं ‘माझ्या’ कुणाचं? निरोप्याने वाटेतच त्याचा अर्थ लावला, तर भाऊ भलतंच कपाट पेटवेल.

आमचा निरोप्या पुण्यातच ‘जुने’चा अर्थ शोधू लागला. पुण्यात या नावाचं काही नव्हतंच, म्हणून त्याने तिथे रिकामी जागा सोडली. कारखान्याच्या सर्व्हरला पोचलं ते एवढंच: मुळापासून आतलं सगळं पूस. पुसणारी कमांड शहाणी आहे, नुसतं मूळ पुसायला सांगितलं तर नकार देते. पण पुढे तारा होता. शेलने ताऱ्याच्या जागी एकेका फोल्डरचं नाव भरून दिलं, आणि नकार देण्यासारखं काही उरलं नाही. संपादक, माफ करा, घसरले मी.

सिस्टिमच्या फायलींना आमच्या खात्याचा हात पोचत नव्हता, म्हणून त्या वाचल्या. काट्याच्या पावत्या त्याच खात्याच्या होत्या. त्या गेल्या. बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा निघाला.

या खोडीचं मूळ आरएसएचमध्ये आहे. एसएसएच त्याच्या जागी बसवायचं होतं, म्हणून वागणंही तसंच ठेवलं: तुम्ही दिलेले सुटे शब्द जोडून एकच ओळ करायची आणि पलीकडच्या शेलच्या हवाली करायची. तो ती पुन्हा नव्याने वाचतो. म्हणजे एक हुकूम, वाचणारे दोन, आणि दोघांची घरं वेगळी. कुलूप पारखणाऱ्यांच्या परिषदा भरतात. अवतरणचिन्हावर बोलायला लागलं की लोक चहाला जातात. नवी मुलं म्हणतात, “मॅडम, आता या कामाला ॲन्सिबल नावाचा प्रोग्राम आहे, हे हाताने कोण लिहितं?” रात्री दोन वाजता सर्व्हर बसला की सगळे हातानेच लिहितात, बाळांनो. आमच्या स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘अनोळखी नाव दिसलं तर थांब’ एवढी एक सूचना असती, तरी ती ओळ पुण्याबाहेर पडली नसती. हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने असंच पुसायला घेतलं. आपण राखीव सर्व्हरवर आहोत असं त्याला वाटत होतं, होता मात्र मुख्य सर्व्हरवर. चूक कळून हात आवरेपर्यंत सुमारे 300 जीबीतले साडेचार उरले होते. कंपनीने सगळी हकिगत जाहीर केली. मी ती दर वर्षी नव्या मुलांना वाचायला लावते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या मुलानेही वाचली होती. वाचायला लावणारी मीच, आणि “चालेल” म्हणणारीही मीच. डोळ्याला सवय झाली की अवतरणचिन्ह दिसेनासं होतं, की मला आता हे काम झेपेनासं झालंय, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

पावत्या परत आल्या त्या कागदावरून. काट्यावरचे कारकून प्रत्येक पावतीची कार्बन कॉपी तारेला टोचून ठेवत. संगणक आल्यावर हे बंद करा, असं मीच त्यांना दोनदा सांगितलं होतं. आठ दिवसांच्या पावत्या त्यांनी आणि आमच्या मुलाने तीन रात्री बसून पुन्हा भरल्या. हिशेब जुळला.

हल्ली डिस्क भरत आल्याची सूचना आली, की मी आधी त्यांना फोन करते. ते विचारतात, “ताई, आज काय पुसताय?” मी फोल्डरचं पूर्ण नाव सांगते. ते तारेकडे बघत असावेत, थोडं थांबून म्हणतात, “हं, पुसा.”