मेलेल्या उंदराचे उत्तरकार्य

आमचा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात लेस्टर शहरी स्थायिक झाला आहे. यंदाच्या दिवाळीच्या पत्रात त्याने एक चमत्कारिक हकीकत कळविली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आणून सोडलेल्या करड्या खारींनी तेथील मूळच्या तांबड्या खारींना बहुतेक ठिकाणांहून हुसकावून लावले. त्या झाडांच्या सालीही सोलतात, म्हणून त्यांना मारण्यात येते. परंतु मारलेल्या खारींचे करावयाचे काय, यावर तेथे वाद आहे. कोणी म्हणतो खाव्यात, कोणी म्हणतो शिकारी पक्ष्यांना घालाव्यात, कोणी म्हणतो रानातच टाकून द्याव्यात. 'सर, आपल्याला हसू येईल,' असे त्याने शेवटी लिहिले होते.

आम्हांस हसू आले नाही. रामरायाची बोटे पाठीवर मिरविणाऱ्या खारीची ही गत ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी कानांवर हात ठेवले. आम्हांस मात्र आठवण झाली ती खारीची नव्हे, एका उंदराची.

गोष्ट १९९४ सालची. आम्ही नुकतेच नोकरीस लागलो होतो आणि कतारगामात, वेड रोडच्या बाजूस, भाड्याच्या खोलीत राहत होतो. शेजारी हिऱ्यांना पैलू पाडणारे सौराष्ट्राकडचे कारागीर आणि यंत्रमागांवर राबणारी आपली खानदेशी मंडळी. त्या पावसाळ्यात तापीचे पाणी सखल वस्त्यांत शिरून ओसरले होते आणि मागे चिखल व कुजका कचरा ठेवून गेले होते. एके सकाळी ज्वारीच्या डब्यामागे मेलेला उंदीर आढळला. आम्ही नाक दाबून तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कोपऱ्यावरच्या उकिरड्यावर भिरकावून दिला. तेथे दोन मुले कागद वेचीत होती. आम्ही त्यांना पाहिले, तरी चकार शब्द बोललो नाही. हात स्वच्छ धुतले आणि शाळेत जाऊन वर्गाला 'स्वच्छतेचे महत्त्व' या विषयावर निबंध घातला!

गणपतीचे विसर्जन होऊन दोन-चार दिवस झाले नाहीत तोच सुरतेत प्लेगची बातमी पसरली. वेड रोड आणि कतारगाम ही नावे देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या आणि लक्षावधी माणसे मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेली. आम्हीही जळगावच्या गाडीत चढलो. या शहरात पन्नासाहून अधिक माणसे त्या साथीत दगावली. सुरतेचा प्लेग फुफ्फुसाचा, म्हणजे श्वासावाटे माणसाकडून माणसाला होणारा. तेव्हा आमच्या उंदराचा त्याच्याशी संबंध असेलच असे नाही. तो पुराच्या पाण्याने मेला असेल. परंतु गाडीत रात्रभर ती दोन मुले डोळ्यांपुढे होती. परतल्यावर आम्ही त्यांना पुष्कळ शोधले. ती पुन्हा दिसली नाहीत.

पुढे आम्ही या विषयावरचे जे हाती लागेल ते वाचीत गेलो. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये हिंदुस्थानातच दाखवून दिले, की उंदराचा प्लेग माणसापर्यंत पोहोचवितात त्या पिसवा. उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडू लागले, की पिसवा ते सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात. म्हणूनच प्लेगच्या दिवसांत आधी पिसवा मारावयाच्या आणि मग उंदीर, असा नियम आहे. मुंबई महापालिकेचे कर्मचारी रात्री काठी आणि विजेरी घेऊन उंदीर मारतात. सकाळी ते मोजून जमा होतात आणि त्यांतील काहींची प्लेगसाठी तपासणी होते. मेलेला उंदीर ही आलेली तार समजावी. १९९४ च्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. आमच्या खोलीत आलेली तार आम्ही न वाचताच दुसऱ्याच्या अंगणात टाकली होती.

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या मध्यान्ह भोजनाच्या कोठीत उंदीर झाले, तेव्हा हे सारे पुन्हा उभे राहिले. एकाने विषाच्या वड्या सुचविल्या. पण विष खाल्लेला उंदीर कोठे जाऊन मरेल याचा नेम नाही, आणि त्याला खाणारी मांजर किंवा घुबडही त्याच विषाने मरू शकते. दुसऱ्याने पिंजरा लावून उंदीर नदीपलीकडे सोडण्याचा सल्ला दिला. म्हणजे पुन्हा तोच उकिरडा, फक्त लांबचा! सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, गणपतीच्या वाहनाला मारायचे का?" आम्ही म्हणालो, "बाळ, वाहनाची जागा धान्याच्या कोठीत नसते. आधी दार लावून पाहू."

बिळे काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजविली, धान्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपांत भरले. बहुतेक उंदीर मारावे न लागताच निघून गेले. उरलेल्यांसाठी खटक्याचे सापळे लावले. पहिल्या सकाळी चार सापडले. शिपाईभाऊ सवयीने उघड्या हातांनी उचलू लागले. आम्ही त्यांना थांबविले. रबरी हातमोजे आम्ही चढविले, उंदरांवर कीटकनाशक भुकटी टाकली आणि चिमट्याने ते पिशवीत घातले. आवाराच्या कोपऱ्यात दोन हात खोल खड्डा खणून, वर चुना पसरून माती लोटली. "साहेब, तुम्ही कशाला?" शिपाईभाऊ म्हणाले. त्यांना काय सांगावे? हे काम तीस वर्षांपूर्वीच करावयाचे राहून गेले होते.

१९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी महापालिकेच्या अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरविले, तेव्हा सुरतेचा कायापालट झाला. हुकूम देणाऱ्याने घाणीजवळ उभे राहावे, एवढेच त्यातले मर्म.

विद्यार्थ्याला आम्ही उत्तर लिहिले: 'खारी खाव्यात की पुराव्यात, हे तुमचे तुम्ही ठरवा. परंतु मारण्याआधी ठरवा. आणि ज्याने मारा म्हटले, त्याने एकदा तरी आपल्या हाताने उचलून पाहावे.' वाचकहो, आपल्याही घरी कधी डब्यामागे उंदीर मरून पडेल. तो उकिरड्यावर भिरकावण्यापूर्वी, तेथे कोण वाकून कागद वेचीत आहे, तेवढे पाहून घ्यावे.